साक्षीदार नसलेल्या अपघाताचा दावा : माझ्या विमा कंपनीच्या सेवेचे परीक्षण

ज्या विमा कंपनीकडे मी ११ वर्षे न चुकता हप्ता भरत आले, तिच्या दावा विभागाची खरी ओळख मला गेल्या साडेसात महिन्यांत झाली. त्याआधी पुढच्या काचेला गेलेला एक तडा आणि एक तुटलेला आरसा एवढीच आमची देवघेव होती, आणि तेवढ्या अनुभवावर मी ही सेवा उत्तम असल्याचे चारचौघांना सांगतही असे. या वेळचा प्रसंग निराळा होता. अपघात झाला होता, दुसरा चालक नेमकी उलटी हकिगत सांगत होता आणि घटना पाहणारे तिसरे कोणीही नव्हते. साध्या दाव्यात कंपनीला बिल तपासायचे असते. अशा दाव्यात तिला नेमके काय घडले हे शोधून काढावे लागते, आणि म्हणून सेवेची पारख इथेच होते असे माझे मत झाले आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. दावा आता निकाली निघाला आहे, आणि मला जे सांगायचे आहे ते कोणत्याही कंपनीच्या ग्राहकाला लागू पडेल.

घटना थोडक्यात अशी. रात्री पावणेबाराच्या सुमारास एका चौकात लाल दिवा लागला म्हणून मी थांबरेषेपाशी गाडी उभी केली होती. गिअर न्यूट्रलमध्ये होता आणि पाय ब्रेकवर होता. मागून आलेल्या मोटारीने माझ्या गाडीला डाव्या अंगाने धडक दिली आणि माझी गाडी रेषा ओलांडून पुढे ढकलली गेली. कोणालाही लागले नाही. त्या मोटारीतले गृहस्थ खाली उतरले, "माझं लक्ष नव्हतं, माफ करा," असे म्हणाले, आणि आम्ही एकमेकांचे नंबर व पॉलिसीचे तपशील लिहून घेतले. सहाव्या दिवशी कंपनीकडून समजले की त्याच गृहस्थांनी आपल्या विमा कंपनीला लिहून दिले आहे की ते माझ्या मागे थांबलेले होते आणि मीच गाडी मागे आणून त्यांच्यावर आदळवली. चौकात बोललेल्या त्या दोन वाक्यांना माझ्या कानांखेरीज कोणताही आधार उरला नव्हता.

दावा नोंदवून घेण्याच्या कामात कंपनीला मी पूर्ण गुण देईन. रात्री बाराला फोन उचलला गेला, बोलणाऱ्या मुलीने आधी मला लागले का हे विचारले, दहा मिनिटांत दाव्याचा क्रमांक आला आणि गाडी ओढून नेण्याची सोय तासाभरात झाली. पोलिसांना कळवा, रस्त्यावर चूक कबूल करू नका आणि मान्यही करून घेऊ नका, दोन्ही गाड्यांचे फोटो काढा, एवढे तिने व्यवस्थित सांगितले. ते फोटो कसे काढावेत हे मात्र तिने सांगितले नाही. मी काढलेल्या ११ फोटोंपैकी ७ पोचे आलेल्या पत्र्याचे अगदी जवळून घेतलेले होते, आणि पुढे त्यांचा कोणालाही काडीचा उपयोग झाला नाही. उपयोगी पडले ते उरलेले चार. मी दहा पावले मागे जाऊन दोन्ही गाड्या, थांबरेषा आणि सिग्नलचा खांब एका चौकटीत घेतले होते. ते सुद्धा केवळ हात थरथरत असल्यामुळे जवळचे फोटो नीट येईनात म्हणून.

तिसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये कंपनीचे सर्व्हेयर आले. ते सभ्य आणि कामात वाकबगार होते, पण त्यांचे काम एकच होते, आणि ते म्हणजे कोणता भाग बदलायचा, कोणता ठोकून सरळ करायचा आणि त्याचा खर्च किती येईल हे ठरवणे. वीस मिनिटांत त्यांनी मागचा बंपर, डिकीचे दार, डाव्या बाजूचा दिवा आणि आतला पत्रा यांची यादी केली. धडक कोणत्या दिशेने आणि किती उंचीवर बसली, दिव्यातले बल्ब शाबूत आहेत का, यांपैकी कशाचीही नोंद त्यांनी केली नाही. तेव्हा वाद सुरू झालेला नव्हता, त्यामुळे त्यांना दोष देणे मला योग्य वाटत नाही. दोष आहे तो यात की सहाव्या दिवशी वाद उभा राहिल्यावर कंपनीने त्यांना किंवा दुसऱ्या कोणाला पुन्हा पाठवले नाही, आणि खर्चाचा तो अहवालच पुढे जबाबदारी ठरवण्यासाठी वापरला.

दुरुस्तीचे पैसे माझ्या स्वतःच्या नुकसानीच्या संरक्षणातून मिळाले, त्यात अडचण आली नाही. वाद होता तो त्यापुढचा. चूक दुसऱ्याची ठरली तर माझी कंपनी ती रक्कम त्याच्या कंपनीकडून वसूल करते, मी सोसलेला पॉलिसीतला माझा हिस्सा मला परत मिळतो आणि दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सवलत टिकते. चूक माझी किंवा निम्मी माझी ठरली तर हिस्सा बुडतो, सवलत जाते आणि पुढची काही वर्षे वाढीव हप्ता भरावा लागतो. दुसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला दावा अधिकारी बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "मॅडम, साक्षीदार कोणीच नाही. तुमचा शब्द एकीकडे, त्यांचा एकीकडे. अशा केसमध्ये आम्ही निम्मी निम्मी जबाबदारी मान्य करतो." आवाजात आपुलकी होती, घाईही नव्हती. पण या तीन वाक्यांत जो गैरसमज भरलेला आहे, त्याच्यासाठी मी हे सगळे लिहिते आहे.

विम्याचा वाद फौजदारी खटला नसतो. तिथे संशयाला जागा न उरेल इतका पुरावा लागत नाही. कोणाची हकिगत अधिक संभवनीय आहे, एवढ्यावर दिवाणी न्यायाचे पारडे झुकते. दोन्ही हकिगती समान वजनाच्या आहेत असे म्हणण्याआधी त्या तोलून पाहाव्या लागतात. निम्मी निम्मी वाटणी हा निष्कर्ष असू शकतो, पण सगळा पुरावा पाहून झाल्यावर. पुरावा न पाहता केलेली वाटणी म्हणजे फाइल बंद करण्याची सोय असते, आणि तिची किंमत नेहमी खरे बोलणारा चुकवतो, कारण खोटे बोलणाऱ्याला तिच्यात निम्मा फायदाच होतो.

शिवाय साक्षीदार म्हणजे सर्वांत मोठा पुरावा, हे गृहीत तरी कितपत खरे आहे? १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या संशोधकांनी ४५ विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या छोट्या चित्रफिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग किती होता हे विचारले. प्रश्नातले क्रियापद तेवढे त्यांनी बदलले होते. गाड्या एकमेकींवर आपटून चुरडल्या तेव्हा वेग किती होता, असे विचारल्यावर सरासरी उत्तर ताशी ४०.८ मैल आले. एकमेकींना लागल्या तेव्हा किती होता, असे विचारल्यावर तेच उत्तर ३१.८ मैलांवर उतरले. दुसऱ्या प्रयोगात एका आठवड्यानंतर फुटलेली काच दिसली होती का असे विचारले, तेव्हा 'चुरडल्या' हा शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी होय म्हटले. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. प्रामाणिक माणसाची स्मृतीही एका शब्दाने हलते. माझ्या अपघाताला साक्षीदार नव्हता, याचे मला सुरुवातीला जे दुःख होते, ते हे वाचल्यावर बरेच कमी झाले.

साक्षीदार नसला तरी रस्ता, गाडी आणि यंत्रे असतात. पण त्यांचे आयुष्य फार थोडे असते, आणि कंपनी सर्वांत कमी पडली ती इथे. चौकाजवळच्या एका पंपावर कॅमेरा होता. मी नवव्या दिवशी तिथे गेले, तेव्हा तिथल्या व्यवस्थापकांनी सांगितले की त्यांचे यंत्र सात दिवसांनी जुन्या चित्रणावर नवे चित्रण करते. मी दोन दिवस उशिरा पोचले होते. कंपनीचे पत्र त्यांच्याकडे चोविसाव्या दिवशी पोचले. समोरच्याची मोटार अलीकडच्या काळातली होती, म्हणजे तिच्यात अपघाताची नोंद ठेवणारी सोय असण्याची चांगली शक्यता होती. हे नोंदयंत्र बहुधा एअरबॅगच्या नियंत्रकातच असते, आणि धडकेच्या आधीच्या काही सेकंदांचा वेग, ब्रेक दाबला होता की नाही, ॲक्सिलरेटर किती दाबला होता, हे ते जपून ठेवते. अमेरिकेच्या नियमात ही मुदत ५ सेकंदांची होती आणि २०२४ च्या अखेरीस ती २० सेकंदांपर्यंत वाढवण्याचा नियम झाला. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत असे यंत्र असणे सक्तीचे आहे. एअरबॅग उघडली नसेल तर ही नोंद कायमची बंदिस्त होत नाही, नंतरच्या एखाद्या धक्क्याने ती पुसली जाऊ शकते. म्हणून पहिल्या काही दिवसांत समोरच्या कंपनीला 'ही गाडी आणि तिच्यातली नोंद जशीच्या तशी ठेवावी' असे लेखी कळवणे आवश्यक असते. माझ्या कंपनीने ते पाचव्या आठवड्यात कळवले. तोवर ती मोटार दुरुस्त होऊन विकलीही गेली होती. एका पत्राचे काम होते, आणि ते वेळेत झाले असते तर हा वाद कदाचित महिनाभरात मिटला असता.

निम्म्या वाटणीचा फोन आल्यावर मी अपघातांचे तांत्रिक विश्लेषण करणाऱ्या एका स्वतंत्र अभियंत्यांना गाठले. या परीक्षणाचा दुसरा भाग त्यांच्या कामाबद्दल आहे आणि तो मी अधिक आनंदाने लिहिते आहे. त्यांनी पहिल्या भेटीत मला हकिगत विचारलीच नाही. जुने भाग कुठे आहेत, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. बदललेले भाग कंपनीच्या मालकीचे म्हणून गॅरेजने ते एका पोत्यात घालून कोपऱ्यात ठेवले होते. पुढच्या फेरीत ते भंगारात जाणार होते. पोते उघडल्यावर त्यांनी बंपर बाजूला ठेवला आणि डाव्या बाजूच्या दिव्याचे फुटके घर हातात घेतले. आधी त्यांनी त्याच्या लाल काचेचे तुकडे टेबलावर जुळवले आणि तडा गेलेली कड माझ्या त्या रात्रीच्या फोटोतल्या कडेशी ताडून पाहिली, म्हणजे हा दिवा तोच आहे याबद्दल पुढे कोणी शंका घेऊ नये. मग त्यांनी दोन बल्ब सोडवले आणि भिंगाखाली धरले.

माझी गाडी जुनी आहे, तिच्यात तारेचे बल्ब आहेत. टंगस्टनची तार पेटलेली असताना हजारो अंश तापमानाला मऊ पडते. तेवढ्यात जोराचा हिसका बसला तर ती ओढलेल्या स्प्रिंगसारखी ताणली जाते आणि थंड झाल्यावर तशीच राहते. तार थंड असेल तर ती कडक आणि ठिसूळ असते. हिसक्याने ती तुटेल किंवा आहे तशी राहील, पण ताणली जाणार नाही. मला त्यांनी स्वतः भिंगातून पाहायला सांगितले. ब्रेकच्या बल्बमधल्या जाड तारेची वेटोळी एका बाजूला लांब पसरली होती, मधला भाग कमानीसारखा खाली झुकला होता. रिव्हर्सच्या बल्बमधली तार मात्र नव्या बल्बसारखी होती, वेटोळ्याला वेटोळे लागून, सरळ आणि सारखी. तो बल्ब आधीच उडालेला नव्हता हे दाखवण्यासाठी त्यांनी त्याला बॅटरीची वायर लावली, आणि तो लख्ख पेटला. गाडीचा रिव्हर्स दिव्याचा स्विच आणि वायरिंग चालू स्थितीत आहे, हेही त्यांनी दुसऱ्या दिवशी गाडीवर तपासले.

दोन बल्ब मिळून काय सांगतात, हे त्यांनी समजावले तेव्हा मला त्या महिन्यांत पहिल्यांदा हलके वाटले. रिव्हर्स गिअर पडला की दिवा लागतो, गाडी हलो वा न हलो. म्हणजे धडकेच्या क्षणी माझी गाडी रिव्हर्समध्ये नव्हती. मग समोरच्याला एकच वाट उरते, की गाडी न्यूट्रलमध्ये घरंगळत मागे गेली. पण ब्रेकची तार त्याच क्षणी पेटलेली होती, म्हणजे पाय ब्रेकवर होता. एका बल्बने एक दार बंद केले आणि दुसऱ्याने दुसरे. ही तपासणी एलईडी दिव्यांना लागू पडत नाही, धडक हलकी असेल तर तापलेली तारही ताणली जात नाही, आणि एकट्या बल्बवर निकाल देऊ नये, हे त्यांनी अहवालात आपणहून लिहिले. आपल्या निष्कर्षाच्या मर्यादा स्वतः सांगणाऱ्या तज्ज्ञावर मी तरी अधिक विश्वास ठेवीन, आणि पुढे कंपनीच्या तक्रार कक्षानेही तेच केले.

नंतर ते रस्त्याकडे वळले. सुदैवाने अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा चौकात जाऊन शिवणकामाची टेप ठेवून फोटो काढले होते. रस्त्यावर ब्रेकच्या दोन फिकट पण सलग खुणा होत्या, साधारण ९ मीटर लांब, आणि त्या थांबरेषेच्या सुमारे ५ मीटर मागे संपत होत्या. माझी गाडी जवळपास ४ मीटर लांब आहे. ती रेषेवर उभी असेल, तर मागून येणाऱ्या मोटारीचे नाक तिला टेकेल तेव्हा त्या मोटारीची पुढची चाके बरोबर तिथेच असतील, कारण नाक आणि पुढची चाके यांच्यात जवळपास मीटरभर अंतर असते. काचेचा चुराही तिथून पुढे सांडलेला होता. कोरड्या डांबरी रस्त्यासाठी घर्षणाचा गुणांक ०.७ धरला, तर नुसत्या ९ मीटरच्या घसरणीत ताशी ४० किलोमीटरचा वेग खर्ची पडतो. धडकेच्या वेळी शिल्लक राहिलेला वेग यात वेगळा मिळवावा लागतो, आणि ही बेरीज साधी नसते: ४० आणि २५ मिळून ६५ होत नाहीत, सुमारे ४७ होतात, कारण इथे वेगांच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ काढतात. नेमका वेग किती, यावर त्यांनी भर दिला नाही. त्यांचा मुद्दा साधा होता. जो माणूस माझ्या मागे थांबलेला होता असे सांगतो, त्याच्या चाकांनी ९ मीटर ब्रेकच्या खुणा कशा उमटवल्या?

तिसरा धागा उंचीचा होता. जोरात ब्रेक मारला की मोटारीचे नाक काही सेंटिमीटर खाली झुकते. उभ्या मोटारीचे झुकत नाही. माझ्या बंपरवरचा सर्वांत खोल घाव समोरच्या मोटारीच्या बंपरच्या नेहमीच्या उंचीपेक्षा ६ सेंटिमीटर खाली बसला होता. ती मोटार हाती नसल्याने त्याच मॉडेलची दुसरी उभी करून त्यांनी मोजपट्टी लावली. मी मागे येऊन थांबलेल्या मोटारीवर आदळले असते, तर घाव तिच्या नेहमीच्या उंचीवर बसायला हवा होता. आणि माझ्या त्या चार लांबून घेतलेल्या फोटोंत माझी गाडी रेषेच्या पुढे गेलेली स्पष्ट दिसते. मागे येणारी गाडी दुसऱ्याला मागे ढकलते, स्वतः पुढे जात नाही.

फोटोंबद्दल कंपनीच्या पद्धतीतला एक दोष इथे नोंदवणे गरजेचे आहे, कारण तो दुरुस्त करायला काहीच लागत नाही. सगळे फोटो मेसेजवर पाठवा, असे मला सांगण्यात आले होते. मेसेजवरून गेलेला फोटो आवळला जातो, आणि तो कधी व कुठे काढला याची फाइलमधली माहितीही त्यातून गळून पडते. दुसऱ्या बाजूने 'हे फोटो त्याच रात्रीचे कशावरून' असे विचारले, तेव्हा कंपनीच्या फाइलमधल्या प्रतींना उत्तर नव्हते. माझ्या फोनमध्ये मूळ फाइली होत्या म्हणून निभावले. अभियंत्यांनी त्या जशाच्या तशा मागून घेतल्या आणि वेळेची नोंद अहवालाला जोडली.

मला राहून राहून वाटते की चौकातच दोघांनी चार ओळी लिहून सही केली असती, तर हे सगळे टळले असते. युरोपातल्या अनेक देशांत यासाठी एक समाईक छापील अर्ज वापरतात. दोन्ही चालक तो जागेवर भरतात, सही करतात आणि एकेक प्रत घेतात. त्यात चूक कोणाची हे लिहायचे नसतेच. परिस्थितीच्या १७ चौकटी असतात, त्यांपैकी लागू असेल तिथे खूण करायची आणि खाली नकाशा काढायचा. 'त्याच दिशेने, त्याच लेनमध्ये जाताना पुढच्या वाहनाला मागून धडक दिली' ही त्यातली एक चौकट आहे आणि 'गाडी मागे घेत होतो' ही दुसरी. माझ्या अपघातातला सगळा वाद या दोन चौकटींमध्ये मावतो. ज्या माणसाने त्या क्षणी माफी मागितली होती, त्याने त्या क्षणी कोणत्या चौकटीत खूण केली असती याबद्दल मला शंका नाही. सहा दिवसांनी, हप्ता किती वाढेल हे कळल्यावर, त्याचे लक्ष दुसऱ्या चौकटीकडे गेले. कंपनीच्या ॲपमध्ये असा कोरा अर्ज ठेवणे अवघड नसावे.

अहवाल घेऊन मी पुन्हा दावा अधिकारी बाईंकडे गेले नाही, थेट कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी अर्ज केला. त्यात मी भावना लिहिल्या नाहीत. दावा क्रमांक, घटनाक्रम तारखांसह, कंपनीने कोणते पत्र कितव्या दिवशी पाठवले, अहवालाची प्रत, मूळ फोटो आणि एकच मागणी लिहिली: निम्मी जबाबदारी कोणत्या पुराव्यावरून ठरवली हे लेखी कळवावे, किंवा निर्णय बदलावा. इथे सेवेचा दर्जा एकदम पालटला. तिथल्या गृहस्थांनी अहवाल खरोखर वाचला होता, हे त्यांच्या पहिल्याच प्रश्नावरून कळले. रिव्हर्स दिव्याचे वायरिंग गॅरेजने दुरुस्तीच्या वेळी बदलले होते का, असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. गॅरेजच्या कामाच्या कागदावरून ते बदलले नसल्याचे दाखवता आले. १९ दिवसांत त्यांनी निर्णय फिरवला, पूर्ण जबाबदारीचा दावा समोरच्या कंपनीकडे पाठवला, आणि त्यानंतर अडीच महिन्यांनी समोरच्या कंपनीने तो मान्य केला. माझा हिस्सा परत मिळाला, सवलत पुन्हा चालू झाली, आणि माझ्या नोंदीवरचा दोष पुसला गेल्याचे पत्र आले.

गुण द्यायचेच तर मी असे देईन. दावा नोंदवणे आणि तातडीची मदत, पाचपैकी पाच. दुरुस्तीचा खर्च देणे, चार. वादग्रस्त जबाबदारीची चौकशी, एक, आणि तोही अधिकारी बाई माझ्याशी कधी तुसडेपणाने बोलल्या नाहीत म्हणून. तक्रार निवारण, साडेचार. स्वतंत्र अभियंत्यांचे काम, पाच. पॉलिसी मी याच कंपनीकडे पुढे चालू ठेवली आहे, कारण तक्रार कक्ष वाचणारा आहे हे मला आता ठाऊक आहे; पण वाद उभा राहिला तर पहिल्या आठवड्यात पुरावा गोळा करणारा माणूस ही कंपनी आपणहून पाठवील, या भरवशावर कोणी तिची पॉलिसी घेऊ नये. तो माणूस तुम्हालाच शोधावा लागेल, आणि कॅमेऱ्याचे चित्रण व समोरच्या गाडीची नोंद जपून ठेवण्याची मागणीही तुम्हालाच दुसऱ्याच दिवशी लेखी करावी लागेल.

अभियंत्यांचे शुल्क अजून माझ्याच पदरी आहे. कंपनीने जी तपासणी करायला हवी होती ती मी केली, म्हणून तो खर्च कंपनीने द्यावा, असा अर्ज मी दिला आहे. पॉलिसीत कायदेशीर खर्चाचे जोड संरक्षण नसल्याने तो देता येत नाही, असे पहिले उत्तर आले, आणि मी त्यावर फेरविचाराची मागणी केली आहे. दोन्ही बल्ब त्यांनी लेबल लावून, कापसात गुंडाळून परत दिले. अर्जाचा निकाल लागेपर्यंत ते मी सांभाळून ठेवणार आहे.